११४ की ९८? मुलाच्या बुद्धीचा खरा आकडा कोणता

एका आईने विचारलं आहे. मुलगा साडेनऊ वर्षांचा, चौथीत, सेमी-इंग्रजी माध्यम. गेल्या वर्षी बिने-कामत चाचणीवर त्याचा आयक्यू ११४ आला. यंदा दुसऱ्या ठिकाणी वेक्स्लरच्या मुलांच्या चाचणीवर ९८. मधल्या काळात शाळेत आलेल्या एका एजन्सीने दहा बोटांचे ठसे घेऊन रंगीत अहवाल दिला, त्यात ‘तार्किक बुद्धिमत्ता ९ टक्के, सांगीतिक १६ टक्के’ वगैरे लिहिलंय. “वर्षभरात बुद्धी १६ ने घसरली का? तिन्हींपैकी खरं काय मानायचं? तोंडी विचारलं की सगळं येतं, पण पेपर कधीच पूर्ण होत नाही.” सोबत त्यांनी यंदाच्या अहवालातले सगळे आकडे उतरवून दिलेत, त्याबद्दल आभार. बहुतेक पालक फक्त एकच आकडा सांगतात.

बुद्धी घसरलेली नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जिवाला घोर राहणार नाही. गेली सत्तावीस वर्षं मी मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेते आहे, पहिली नऊ वर्षं सरकारी रुग्णालयात आणि नंतर स्वतःच्या दवाखान्यात. “खरा आकडा कोणता” हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. लोकांना वाटतं आयक्यू म्हणजे उंचीसारखं काहीतरी. पट्टी कुठलीही लावा, उंची तीच. प्रत्यक्षात आयक्यू वर्गातल्या क्रमांकासारखा आहे. मुलगा कितवा आला, हे वर्गात कोण कोण होतं आणि पेपर कसला होता यावर ठरतं. तुमच्या मुलाने दोन वेगळ्या वर्गांत बसून दोन वेगळे पेपर दिलेत.

ठशांचा अहवाल आधी बाजूला काढू. बोटांवरच्या रेषा गर्भातच पक्क्या होतात आणि आयुष्यभर बदलत नाहीत, म्हणून त्यांत ‘जन्मजात बुद्धी’ वाचता येते, असा त्या विक्रेत्यांचा युक्तिवाद असतो. त्वचेवरच्या रेषांचा अभ्यास हे खरं शास्त्र आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या तळहातावर एकच आडवी रेघ जास्त प्रमाणात दिसते, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. पण तिथून ‘सांगीतिक १६ टक्के’पर्यंत जाणारी कुठलीही वाट नाही. त्या टक्क्यांची बेरीज करून पाहा, बहुधा १०० भरेल. म्हणजे मुलगा तबला शिकला तर त्याचं गणित कमी व्हायला हवं! बुद्धिमत्ता अनेक प्रकारच्या असतात ही कल्पना हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडली. तेव्हा सात प्रकार होते, पुढे निसर्गविषयक आठवा आला. त्यांच्या मांडणीत बोटांच्या ठशांचा काही संबंध नाही, त्यांचं नाव फक्त अहवालाच्या पहिल्या पानापुरतं वापरलं जातं. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही या ठसेचाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलेलं आहे. आणि साधी गोष्ट: या ‘चाचणीत’ मुलाला एकही प्रश्न विचारला गेला नाही. पैसे गेले ते गेले. अहवाल रद्दीत घाला, आणि मुलाच्या हाती लागू देऊ नका. ‘मला गणित ९ टक्केच आहे’ असं मला सांगणारी मुलं मी पाहिली आहेत.

आता ११४. हा आकडा कुठल्या घराण्यातला, ते सांगते.

बुद्धी मोजायचा पहिला मोठा खटाटोप लंडनमध्ये फ्रान्सिस गाल्टनने केला. १८८४ च्या आरोग्य प्रदर्शनात त्याने प्रयोगशाळा थाटली, तीन पेन्स घेऊन ९,३३७ माणसांची हाताची पकड, दृष्टी, कान, प्रतिक्रियेचा वेग असं सगळं मोजलं. इंद्रियं तीक्ष्ण तर बुद्धी तीक्ष्ण, असा त्याचा कयास होता. तो टिकला नाही. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिनेनेही सुरुवातीला मुलांची डोकी मोजली, त्यातून काही निघत नाही हे पाहिलं आणि ते सोडून दिलं. १९०४ मध्ये फ्रेंच सरकारच्या समितीपुढे प्रश्न होता: सक्तीच्या शिक्षणामुळे सगळीच मुलं शाळेत येताहेत, त्यातल्या कोणाला वेगळी मदत लागेल ते कसं ओळखायचं? मास्तरांच्या मतावर सोडलं तर खोडकर पोरंही त्यात ढकलली जातील. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या ३० कृती तयार केल्या. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत ‘मानसिक वय’ आलं: आठ वर्षांच्या सर्वसाधारण मुलाला जे जमतं ते जमलं, तर मानसिक वय आठ.

बिनेचा हेतू मदत कोणाला द्यायची एवढाच होता. बुद्धी ठरलेली असते, वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर तो चिडायचा. १९११ मध्ये तो गेला आणि त्याचं हत्यार दुसऱ्यांच्या हाती पडलं. १९१२ मध्ये जर्मनीत विल्यम स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं सुचवलं, अमेरिकेत स्टॅनफर्डच्या टर्मनने १९१६ मध्ये त्याला १०० ने गुणलं, आणि आयक्यू जन्मला.

बिने-कामत ही याच झाडाची आपल्याकडची फांदी. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी ती बेतली. भाषांतर करून थांबले नाहीत, इथल्या मुलांवर ताडून पाहिली. मला या चाचणीबद्दल खरोखर आदर आहे. आपल्या मुलांना आपल्या भाषेत विचारायची ही खटपट, तीही त्या काळात! पण तिची मर्यादाही तिथेच आहे. तुमचा मुलगा तेव्हा साडेआठ वर्षांचा होता. ११४ चा अर्थ त्याचं मानसिक वय नऊ वर्षं आठ महिने भरलं, म्हणजे ११६ महिने भागिले १०२ महिने गुणिले १००. लहान मुलांत हा भागाकार ठीक चालतो. मोठ्यांत मोडतो. चाळिशीच्या बाईचं मानसिक वय पन्नास म्हणजे काय? गुडघेदुखी.

त्यात ज्या ‘वर्गात’ हा ११४ आला, तो वर्ग १९३० च्या दशकातल्या मुलांचा आहे. पणजोबांचाच वर्ग म्हणा ना. न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिनने १९८४ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात चाचण्यांवरची कामगिरी सुमारे १४ गुणांनी वर सरकली होती, दर दशकाला साधारण ३ गुण. पुढे इतर अनेक देशांतही तेच दिसलं. शाळा, आहार, चित्रं, आकृत्या, परीक्षेची सवय, कारणांवर अजून वाद आहेत. पण परिणाम स्पष्ट आहे: जुन्या प्रमाणकांवर, म्हणजे तेव्हाच्या मुलांच्या गुणांवरून ठरवलेल्या मापांवर, आजचं मूल हुशार दिसतं. हा वाद बाजूला ठेवला तरी, जुन्या चाचणीतला आकडा नव्या चाचणीतल्या आकड्याशेजारी ठेवून वजाबाकी करू नये. तुमच्या १६ चा बराच भाग इथेच विरघळला असेल.

आता ९८ कडे. डेव्हिड वेक्स्लर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात काम करायचा. पहिल्या महायुद्धात त्याने सैन्यासाठी चाचण्या घेतल्या होत्या. त्या वेळी अमेरिकेने १७ लाखांच्या आसपास जवान या चाचण्यांतून काढले. वाचता येणाऱ्यांना ‘अल्फा’, न येणाऱ्यांना चित्रांची ‘बीटा’. बीटामध्ये टेनिसच्या मैदानाचं चित्र होतं, काय राहिलंय ते ओळखायचं. उत्तर: जाळी. टेनिस जन्मात न पाहिलेला इटलीच्या खेड्यातला स्थलांतरित यात नापास झाला की त्याची बुद्धी कमी! वेक्स्लरने एक आकडा काढायचं थांबवलं नाही, पण त्याने शब्दांच्या आणि हाताने करायच्या उपचाचण्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि भागाकार काढून टाकला. १९३९ मध्ये मोठ्यांची आणि १९४९ मध्ये मुलांची चाचणी आली. मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी करायची, सरासरी १०० धरायची, प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात त्याचं माप) १५. म्हणून ८५ ते ११५ मध्ये साधारण ६८ टक्के मुलं बसतात आणि ७० च्या खाली दोन-अडीच टक्के. ९८ म्हणजे शंभर समवयस्कांत हा साधारण पंचेचाळिसाव्या पर्सेंटाईलवर, म्हणजे पंचेचाळीसेक मुलं याच्या मागे. अगदी मधला. शिवाय दर मोजमापात थोडा हेलकावा असतोच. या चाचणीत पाचेक गुण इकडे-तिकडे धरा, म्हणजे ९३ ते १०३. ज्या अहवालात ही कक्षा दिलेली नसते तो अहवाल मी अर्धवट समजते.

पण तुमच्या कागदावर मला खटकलं ते दुसरंच. तुम्ही लिहिलंय: शाब्दिक आकलन १०६, दृश्य तर्क १०८, कार्यस्मृती (ऐकलेलं डोक्यात धरून त्यावर काम करणं) ९७, प्रक्रियेचा वेग ७५. बाई, ही चार माणसं एका रांगेत उभी नाहीत. पहिली तीन खांद्याला खांदा लावून आहेत आणि चौथं खड्ड्यात. चारही एकत्र करून ९८ काढला. अंकगणित बरोबर आहे, पण त्या ९८ मध्ये तुमचा मुलगा कुठेच दिसत नाही. ७५ म्हणजे शंभरात पंचाण्णव मुलं त्याच्या पुढे. आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की पेपर पूर्ण होत नाही.

प्रक्रियेचा वेग मोजणाऱ्या उपचाचण्यांमध्ये घड्याळ लावून पेन्सिलीने सोप्या खुणा भरायच्या किंवा शोधायच्या असतात. (नेमके प्रश्न सांगत नाही. चाचणीचे प्रश्न बाहेर गेले की ती फुटलेल्या पेपरइतकीच उपयोगी राहते. नेटवर बघून मुलाची ‘तयारी’ करून आणणारे पालक स्वतःचीच फी वाया घालवतात.) बिने-कामत मुख्यतः तोंडी. तिथे बोलून उत्तरं देणाऱ्या मुलाचा हा कच्चा दुवा दिसलाच नाही. दोन चाचण्यांतल्या उरलेल्या फरकाचं उत्तर मला इथे दिसतं.

वेग ७५ म्हणजे ‘मंद डोकं’ नव्हे. मी अशा मुलांमध्ये नंबर लागलेला चष्मा न घातलेली मुलं पाहिली, पेन्सिल मुठीत धरणारी पाहिली, प्रत्येक खूण सुबक काढायच्या नादात वेळ घालवणारी पाहिली, लक्ष उडणारी पाहिली, अध्ययन अक्षमता असलेली पाहिली. परीक्षकाने निरीक्षणात काय लिहिलंय ते वाचा. ‘मुलाने सहकार्य केले’ एवढंच असेल तर फोन करून विचारा: पेन्सिल कशी धरली, खोडरबर मागितला का, मध्येच वर पाहत होता का, चुका झाल्या की नुसताच वेळ लागला. चुकत चुकत भरभर करणारा आणि एकही न चुकता सावकाश करणारा यांचा आकडा तोच येऊ शकतो, आणि त्यांच्यासाठी करायच्या गोष्टी अगदी वेगळ्या.

आकड्यापेक्षा निरीक्षणाला मी इतकं का चिकटते, त्यामागे माझी एक चूक आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी सात वर्षांच्या एका मुलाच्या अहवालावर मी ६८ लिहून सही केली. मुलगा प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्यायचा, “काय?” मी नोंद केली: आकलन कमी. पाच महिन्यांनी त्याच्या आजीने सांगितलं की कानात पाणी साठत होतं, आता नळी टाकली, आता तो टीव्हीचा आवाज कमी करायला सांगतो. पुन्हा चाचणी घेतली तेव्हा ८९ आला. तेव्हापासून कान-डोळे तपासल्याशिवाय मी कुणालाही खुर्चीत बसवत नाही.

भाषेचंही तसंच. तुमचा मुलगा सेमीचा आहे म्हणून विचारते: तो पाढे कोणत्या भाषेत म्हणतो? मी प्रत्येक मुलाला हे विचारते, कारण आकडे उलटे म्हणायची किंवा तोंडी गणिताची उपचाचणी त्याच भाषेत घ्यायला हवी. मराठीत चोवीस म्हणताना चार आधी येतो आणि लिहिताना दोन. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस चार’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! भाषाप्रेमींची बाजू मला समजते, पण चाचणीच्या टेबलावर ‘चोवीस’ ऐकून ४२ लिहिणारी मुलं दर महिन्याला येतात. त्यांची बुद्धी नीट असते.

शब्द पूर्ण टाळले तर? तोही मार्ग आहे. सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये भारतीय परिस्थितीसाठी पाच कृतिचाचण्यांचा संच प्रसिद्ध केला: रंगीत ठोकळ्यांची नक्षी, खाचेतून तुकडे सरकवणं, आकृती काढणं, तात्काळ स्मृती आणि चित्राचे तुकडे जुळवणं. शाळेत न गेलेल्या मुलांसाठी स्मृतीच्या भागात अंकांऐवजी निरर्थक आवाज ठेवले, ही मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. एका आश्रमशाळेतून तेरा वर्षांची मुलगी ‘मतिमंद’ असा शेरा घेऊन आली होती. घरी भिली बोली, शाळेत मराठी, चाचणी पुस्तकी मराठीत झालेली. भाटियाचे ठोकळे पुढे ठेवले, तर पहिली दोन मिनिटं हात लावेना. मग एकदा हसली आणि नक्ष्या मी घड्याळ दाबायच्या आत पूर्ण करू लागली. सरासरीच्या बरीच वर निघाली.

इंग्लंडमध्ये रेव्हनने १९३८ मध्ये आकृत्यांची चाचणी आणली, पाच संच, प्रत्येकी १२, एकूण ६० आकृत्या. प्रत्येकीत रिकामी जागा आणि खालून योग्य तुकडा निवडायचा. सगळ्या वर्गाची एकदम घेता येते, स्वस्त आहे, म्हणून शाळांना आवडते. ती संस्कृतीच्या पलीकडची आहे असं बरेच दिवस मानलं गेलं. गंमत म्हणजे फ्लिनची सगळ्यात मोठी वाढ रेव्हनसारख्या चाचण्यांवरच निघाली! कागदावरच्या आकृत्यांकडे नियम शोधत बघायचं, हीसुद्धा शिकलेली गोष्ट आहे. पश्चिम आफ्रिकेत लायबेरियातल्या क्पेले शेतकऱ्यांना वस्तूंचे गट करायला सांगितले, तर त्यांनी फळाबरोबर सुरी ठेवली, कारण सुरीने फळ कापतात. शहाणा माणूस असंच करेल, म्हणाले. संशोधकाने वैतागून विचारलं, मूर्ख कसं करेल? तेव्हा त्यांनी चटकन फळं एकीकडे, हत्यारं एकीकडे केली.

मग हे सगळं थोतांड आहे का? अजिबात नाही, आणि इथे माझं माझ्या काही मित्रांशी जमत नाही. १ जून १९३२ रोजी स्कॉटलंडमध्ये ११ वर्षांच्या जवळपास सगळ्या मुलांची, ८७ हजारांहून अधिक, एकाच दिवशी चाचणी झाली. त्यातल्या काहींना इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी सत्तरीच्या शेवटाला गाठून तीच चाचणी पुन्हा दिली. ६६ वर्षांनंतरही दोन्ही गुणांतला सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाही) ०.६ च्या वर होता. इतकं टिकणारं मोजमाप मानसशास्त्रात फारसं सापडत नाही. चार्ल्स स्पीअरमनने १९०४ मध्येच दाखवलं होतं की एका प्रकारच्या कामात चांगली असलेली माणसं बहुधा दुसऱ्यातही बरी असतात. तेव्हा समूहात आकडा पुष्कळ काही सांगतो. एका मुलाच्या बाबतीत तो सुरुवात करून देतो, एवढंच.

बाकीच्या पद्धती थोडक्यात, कारण त्यांची तुम्हाला आत्ता गरज नाही. अडीच वर्षांखालच्या बाळांसाठी प्रमिला फाटक यांच्या कामातून आलेली बाळविकासाची मापनश्रेणी आहे. तिच्यातून विकास कळतो, पुढचा आयक्यू नाही. जे. पी. गिलफर्डने बुद्धीचे १२० घटक मांडले, पुढे ते वाढतच गेले. त्याचा उपयोग करून पुण्यात १९६२ पासून ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमान मुलांसाठी बरंच काम केलं. भावनिक बुद्धिमत्तेच्या ज्या प्रश्नावल्या कंपन्यांत भरून घेतात, त्यांत माणूस स्वतःला स्वतःच गुण देतो. त्यावर मी जास्त बोलत नाही.

एक मात्र सांगायला हवी, आणि ती नागपूरची आहे. आर्थर मालिन यांनी तिथे वेक्स्लरच्या धर्तीवर भारतीय मुलांसाठी ११ उपचाचण्यांची चाचणी बेतली (१९६९, आजही रुग्णालयांत चालते), आणि व्हाईनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणीही इथल्या घरांसाठी बसवली. ही दुसरी मुलाला नव्हे, आईला विचारायची. शर्टाची बटणं लावतो का, किराणा आणून सुटे पैसे नीट परत देतो का, एकटा शेजारी जातो का. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही बौद्धिक अक्षमता ठरवताना बुद्धीबरोबर रोजच्या जगण्यातलं वर्तन पाहायला सांगितलंय, नुसत्या आयक्यूवर ते ठरत नाही. तुमचा मुलगा त्या गटातला नाही, तरी घरी बघा: बुटाची नाडी किती वेळात बांधतो, जेवायला किती वेळ लावतो, बॅडमिंटनचं फूल रॅकेटवर येतं का. हात सगळीकडेच सावकाश आहेत की फक्त वहीवर?

आता काय करायचं. तिसरी आयक्यू चाचणी घेऊ नका. वर्षाच्या आत तीच पुन्हा घेतली तर सरावाने आकडा फुगतो आणि हाती काही लागत नाही. आधी डोळे आणि कान. मग मागच्या दोन वर्षांच्या वह्या घेऊन अशा व्यक्तीकडे जा जी वाचन-लेखनाची आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करते, आणि शक्य असेल तर व्यवसायोपचारतज्ज्ञाकडून (ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून) हाताची पकड तपासून घ्या. घरी एक प्रयोग करून ठेवा, त्यांना उपयोगी पडेल: परिसर अभ्यासाचा एकच धडा घ्या, पाच प्रश्न तोंडी विचारा आणि पाच त्याच तोलाचे लिहून घ्या, दोन्हींना लागलेली मिनिटं कागदावर मांडा. तीन दिवस करा. सकाळी, पोट भरलेलं असताना, आणि शेजारी उभं राहून “लवकर, लवकर” न म्हणता. शाळेत वर्गशिक्षिकेला आत्तापासूनच सांगा की काही उत्तरं तोंडी घेऊन बघा. तपासणीत अध्ययन अक्षमता निघालीच तर जास्तीच्या वेळेची सवलत राज्य मंडळाच्या परीक्षेतही मिळते, पण तिचे कागद वेळेत व्हायला लागतात, दहावीच्या डिसेंबरात धावपळ करून ते होत नाहीत. आणि तो मिनिटांचा कागद जपून ठेवा. पुढच्या तपासणीत मी असते तर ११४ आणि ९८ च्या आधी तो मागितला असता.